वर बर्फ, खाली आंबट पीठ

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आलंय. लिहिणारी मैत्रीण आठवीत शिकते. नाव छापू नका असं तिनं तळाला दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र असं :

‘काका, आमच्याकडे डबल डोअर फ्रीज आहे. जुनाच घेतलाय. आई इडली-डोशाचं पीठ विकते, त्यासाठी घेतला. आजीचं इन्सुलिनपण त्यातच असतं. पंधरा दिवस झाले, वरच्या खणात बर्फ दगडासारखा होतो, पण खालच्या खणातलं पीठ सकाळपर्यंत फुगून डब्याबाहेर येतं आणि आंबट होतं. गिऱ्हाइकं परत जातात. एक मेकॅनिक बघून गेले. गॅस संपलाय, भरावा लागेल म्हणाले. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा आई गप्पच बसली. माझे दोन प्रश्न आहेत. गॅस संपला असेल तर वर बर्फ कसा होतो? आणि मे महिन्याच्या उन्हात फ्रीज नीट चालला, मग आता पाऊस सुरू झाल्यावर, गारवा आल्यावर का बिघडला?’

दोन्ही प्रश्न एकदम नेमके आहेत. त्यांची उत्तरं मिळाली की फ्रीजचा आजारही कळतो.

पण आधी आजीचं इन्सुलिन, कारण पीठ आंबलं तर पैसे जातात, इन्सुलिन बिघडलं तर आजीची साखर वाढते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं. खालचा खण गरम होतोय म्हणून कुणी ते उचलून वरच्या बर्फाच्या खणात ठेवेल, तर ते त्याहून वाईट! एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं. तेव्हा फ्रीज बरा होईपर्यंत ते शेजारच्या फ्रीजमध्ये, मधल्या फळीवर, डबीत घालून ठेवा. आणि पंधरा दिवस गरम खणात राहिलेल्या बाटलीचं काय करायचं, हे डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा. हे काम पत्र वाचून संपायच्या आत करायचं, बरं का.

आता फ्रीजकडे वळू.

डबल डोअर फ्रीजला दारं दोन आणि खण दोन, म्हणून गारवा तयार करण्याच्या जागाही दोन असतील असं वाटतं ना? बहुतेक फ्रीजमध्ये तसं नसतं. गारवा तयार होतो एकाच ठिकाणी. वरच्या खणाची मागची पांढरी भिंत म्हणजे खरं तर एक पातळ पॅनेल. त्याच्यामागे अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी बसवलेली नळी असते. तिला म्हणायचं कॉइल. नळीतून गॅस फिरतो आणि कॉइल शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत थंड होते. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो हवा कॉइलमधून ओढतो. गार झालेली हवा बरीचशी वरच्या खणात फिरते, आणि थोडी एका बोळातून खालच्या खणात उतरते. खालच्या खणाला स्वतःचं असं काहीच नाही. वरच्याच्या ताटातलं उरलंसुरलं त्याच्या वाट्याला!

म्हणजे हवेची वाट अडली की पहिला उपाशी राहतो खालचा खण.

वाट अडवतं कोण? बर्फ. दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते. तिच्यात पाण्याची वाफ असते. ही वाफ थंडगार कॉइलला चिकटते आणि तिचा भुसभुशीत बर्फ होतो. आधी पात्यांवर पांढरी लव येते, मग पात्यांमधल्या फटी बुजतात. सगळ्या फटी बुजल्या की पंखा बिचारा नुसताच फिरतो. हवा पुढं जाणार कुठून?

आणि हा भुसभुशीत बर्फ नुसती वाट अडवून थांबत नाही. सोलापूरकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. आपली चादर ऊब देते ती कशी? तिच्या सुतात आणि सुतांच्या मधल्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते. ही अडकलेली हवा उष्णता सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. जेकार्डच्या जाड विणीची चादर पातळ पंच्यापेक्षा उबदार असते ती यामुळेच. भुसभुशीत बर्फातही अशीच हवा कोंडलेली असते. साधा, घट्ट बर्फसुद्धा अॅल्युमिनियमच्या मानानं उष्णता सुमारे शंभरपट हळू वाहून नेतो, भुसभुशीत बर्फ तर त्याहूनही कितीतरी हळू. थोडक्यात, कॉइलनं चादर पांघरली! आत ती गारठलेली आहे, पण तिचा गारवा बाहेर येत नाही. कॉम्प्रेसर घरघर करत राहतो, विजेचा मीटर पळतो आणि खाली पीठ फुगतं.

मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. गॅस पूर्ण संपला असता तर वरही बर्फ झाला नसता. पण मेकॅनिककाकांवर लगेच रागावू नका. गॅस थोडासाच कमी झाला तरीसुद्धा सुरुवातीला तक्रार खालचाच खण करतो. त्यामुळे त्यांचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. त्यांनी मागचं पॅनेल उघडून कॉइल बघितली असती तर मात्र काम सोपं होतं. गॅस कमी असेल तर कॉइलच्या एका कोपऱ्यावर बर्फ आणि बाकीची कोरडी, असं दिसतं. सगळ्या कॉइलवर सारखा जाड थर असेल तर गॅस जागेवर आहे, दुखणं दुसरं आहे.

आता दुसरा प्रश्न : उन्हाळ्यात नीट, पावसाळ्यात बिघाड, असं का?

थोडं गणित करू. मे महिन्यातली सोलापूरची दुपार घ्या. पारा ४० अंशांवर, हवा कोरडी ठणठणीत, सापेक्ष आर्द्रता समजा २० टक्के. अशा एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ असते सुमारे १० ग्रॅम. आता पावसाळ्यातला दमट दिवस घ्या. तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. एक घनमीटरमध्ये वाफ सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे गारवा आला, पण हवेतलं पाणी दुपटीहून जास्त झालं!

फ्रीज २५० लिटरचा असेल तर त्यात मावते पाव घनमीटर हवा. दार उघडल्यावर त्यातली निम्मी हवा बदलते असं धरा. मे महिन्यात दर वेळी सव्वा ग्रॅम पाणी आत शिरेल, पावसाळ्यात जवळपास तीन ग्रॅम. पीठ विकणाऱ्या घरात दार दिवसातून चाळीस वेळा तरी उघडत असेल. करा गुणाकार. मे महिन्यात ५० ग्रॅम, पावसाळ्यात ११५ ग्रॅमच्या आसपास. शिवाय झाकण न लावलेल्या पातेल्यातून, ओल्या कोथिंबिरीच्या जुडीतून उडणारी वाफ वेगळीच. तेव्हा उन्हाळ्यात फ्रीज कष्ट जास्त करतो हे खरं, पण बर्फ जास्त साचतो तो पावसाळ्यात. बिघाड मे महिन्यात आधीच झालेला असू शकतो. तो उघडकीला आला पाऊस सुरू झाल्यावर.

मग चांगल्या फ्रीजमध्ये हा बर्फ जातो कुठं? तो रोज वितळवला जातो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. याचंच नाव डिफ्रॉस्ट. टायमर नावाचं एक छोटं घड्याळ फ्रीजमध्ये असतं. कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की (प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा) हे घड्याळ कॉम्प्रेसर आणि पंखा बंद करतं आणि कॉइलच्या खाली बसवलेला हीटर सुरू करतं. हो, फ्रीजच्या पोटात हीटर! बर्फ वितळतो, पाणी एका नळीतून मागं खाली उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या डोक्यावर ठेवलेल्या ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्यामुळे ते पाणी आपोआप उडून जातं. वीस-तीस मिनिटांनी घड्याळ पुन्हा कॉम्प्रेसर सुरू करतं. रात्री फ्रीज एकदम गप्प झाला आणि आतून ‘चर्र... टप्... टप्’ असा आवाज आला तर घाबरू नका. हीटरवर पाण्याचे थेंब पडतायत.

आठवी-नववीतल्यांनी वही काढा. कॉइलवर पाव किलो बर्फ आहे आणि हीटर १५० वॅटचा आहे. बर्फाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी. म्हणजे २५० गुणिले ८०, वीस हजार कॅलरी. एक कॅलरी म्हणजे ४.२ ज्यूल, तेव्हा ८४ हजार ज्यूल. हीटर सेकंदाला १५० ज्यूल देतो. भागाकार केला की ५६० सेकंद, साडेनऊ मिनिटांच्या आतच. बर्फ आधी शून्य अंशांपर्यंत आणायचा, अॅल्युमिनियम तापवायचं, थोडी उष्णता इकडेतिकडे वायाही जाणार. सगळं धरून वीस मिनिटं पुरतात. घड्याळ बनवणाऱ्यांनी वेळ उगाच ठरवलेली नाही.

आता हेच गणित दोन किलो बर्फासाठी करा. सव्वा तास लागतो! पंधरा दिवस डिफ्रॉस्ट झालाच नाही, तर तेवढा बर्फ साचू शकतो. मग बिघडलेला भाग बदलला तरी वीस मिनिटांत हीटरचं काही चालणार नाही. म्हणून दुरुस्तीच्या आधी किंवा दुरुस्तीबरोबर सगळा बर्फ एकदा पूर्ण वितळवावाच लागतो. हे न केल्यामुळे ‘नवा भाग टाकला तरी तसंच’ अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते.

चला, आता शोध घेऊ. पहिली परीक्षा फुकटची आहे. फ्रीज रिकामा करायचा, बटण बंद करून प्लग काढायचा, दोन्ही दारं उघडी ठेवायची आणि खाली जुनी फडकी पसरायची. चोवीस तास हात लावायचा नाही. उलथनं, सुरी, स्क्रूड्रायव्हर, काहीही घेऊन बर्फ खरवडायचा नाही! आतली नळी पातळ असते, एक टोच बसला तर गॅस खरोखरच जाईल. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा गॅस असतो. पूर्वीच्या फ्रीजमधले गॅस वातावरणातल्या ओझोनच्या थराला इजा करायचे, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगानं ते टप्प्याटप्प्यानं सोडून दिले. आयसोब्युटेन ओझोनला त्रास देत नाही, पण तो पेट घेतो. तेव्हा मेणबत्ती आणि स्टोव्हही जवळ नको. पाण्याचं नुसतं उघडं पातेलं ठेवून पंखा लावला तरी काम होतं, घाई कशाला?

चोवीस तासांनी फ्रीज कोरडा पुसून सुरू करा. खालचा खण पुन्हा छान गार झाला, चार-आठ दिवस गार राहिला आणि मग पहिल्यासारखाच उबदार झाला, तर चोर पकडला म्हणून समजा. गॅस काही विश्रांती घेऊन भरून येत नाही! फ्रीज विश्रांतीनं बरा होतो तो बर्फ गेल्यामुळे. आणि विश्रांतीनंतरही खालचा खण पहिल्या दिवसापासून गरमच राहिला, तर मग पंखा फिरतोय का ते बघा किंवा गॅसचा विचार करा.

दुसरी परीक्षा रांगोळीची. फ्रीजच्या मागचा ट्रे आठवतोय ना? डिफ्रॉस्ट होत असेल तर त्यात पाणी पडणारच. पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते इतक्या लवकर उडतं की सकाळी बघावं तर ट्रे कोरडा. त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून मोठ्या माणसाला सांगून प्लग काढा, ट्रे पुसा आणि नळी जिथं उघडते तिच्या खाली रांगोळीची एक बारीक रेघ ओढा. प्लग लावा. दोन दिवसांनी पुन्हा प्लग काढून बघा. पाणी आलं असेल तर रेघ विस्कटेल, वाहून कडेला जाईल, तिचे डाग पडतील. रेघ होती तशी, अगदी दारातल्या रांगोळीसारखी शाबूत असेल, तर दोन दिवसांत डिफ्रॉस्ट झालेला नाही किंवा पाणी खालपर्यंत पोचलेलं नाही.

पाणी न पोचण्याचं कारण बहुतेक वेळा तुंबलेली नळी असतं. त्याची खूण सोपी आहे. वरच्या खणाच्या तळाशी काचेसारखा सपाट बर्फ जमतो किंवा खाली भाजीच्या खोक्यात पाणी ठिबकतं. यात डिफ्रॉस्ट होतोय, फक्त पाण्याला वाट नाही. कोमट पाणी हळूहळू ओतलं की बऱ्याचदा नळी मोकळी होते. दाराचं रबर सैल असेल तर आणखी वेगळी गोष्ट. हीटर आपलं काम करतो, पण बाहेरची दमट हवा रात्रंदिवस आत येत राहते. दारात वहीचा कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. चारी बाजूंना तो घट्ट धरला गेला पाहिजे.

इथपर्यंत तुमचं काम. यापुढचं पॅनेल उघडायचं काम मेकॅनिकचं. तिथं २३० व्होल्ट असतात आणि ओल्या हातांशी त्यांचं वैर आहे. पण शेजारी उभं राहून बघायला आणि प्रश्न विचारायला कोण अडवतंय? काय बघायचं ते सांगतो.

जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये मेकॅनिक आधी टायमर शोधतात. त्याला एक खाच असलेली छोटी खुंटी असते. स्क्रूड्रायव्हरनं ती हळूहळू फिरवली की एका जागी ‘टक्’ होतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. म्हणजे घड्याळ आपण हातानं डिफ्रॉस्टच्या वेळेवर आणलं. आता हीटर तापला आणि बर्फ वितळायला लागला, तर दोष टायमरचा. त्याची मोटर अडकलीय, तो पुढं सरकतच नाही. टायमर बदला, काम झालं.

‘टक्’ होऊनही हीटर गारच राहिला, तर? मग खरी मजा. हीटर, बायमेटल आणि फ्यूज हे तिघं एकामागून एक, एकाच तारेत जोडलेले असतात. दिवाळीची जुन्या पद्धतीची माळ आठवा. एक दिवा गेला की सगळी माळ काळोखात. तसंच हे. तिघांपैकी कुणीही एक तुटला की हीटर बंद. कोण तुटलाय ते मल्टिमीटर सांगतो. हीटरचा रोध किती यायला हवा, ते तुम्हीच काढा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १५० नं भागलं की सुमारे ३५३ ओहम. मीटरचा काटा ढिम्म हलला नाही तर हीटर तुटलाय. फ्यूजचं त्याहून सोपं : वीज गेली तर ठीक, नाही तर जळालाय. पण फ्यूज जळाला तर नुसता नवा घालून गप्प बसायचं नाही. तो फाजील उष्णतेनं जळतो, तेव्हा बायमेटलकडेही संशयानं बघायचं.

बायमेटल म्हणजे तुमच्या पुस्तकातली द्विधातू पट्टी. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. गरम झाल्यावर एक जास्त वाढते, दुसरी कमी, म्हणून जोडी वाकते. फ्रीजमध्ये ती कॉइलला चिकटून बसते. कॉइल शून्याखाली चांगली गार असेल तेव्हाच ती जोड मिटवते आणि हीटरला वीज जाऊ देते. बर्फ वितळून कॉइल दहा-बारा अंशांवर आली की वाकून जोड सोडते. बर्फच नसेल तर हीटर उगाच तापू नये, यासाठी ही राखण.

इथं एक गंमत आहे, आणि ती न कळल्यामुळे चांगले बायमेटल कचऱ्यात जातात. बायमेटल काढून हातात घेतलं आणि दुपारी सोलापूरच्या खोलीत मीटर लावला, तर वीज जाणार नाही. जायलाच नको! खोली गरम आहे, जोड सुटलेलीच असणार. हा बिघाड नव्हे, हा शहाणपणा. त्याची परीक्षा थंडीतच घ्यावी लागते. कशी? कुल्फीवाले करतात तशी. पातेल्यात फोडलेला बर्फ आणि भरपूर खडेमीठ घाला. नुसता बर्फ शून्य अंशांच्या खाली जात नाही, पण मीठ घातलं की मिश्रण वजा पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतं. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात दहा मिनिटं बुडवायचं. चांगलं असेल तर बारीक ‘टिक्’ ऐकू येते आणि मीटर वीज दाखवतो. बाहेर काढून तळहातावर धरलं की थोड्या वेळानं पुन्हा ‘टिक्’. हा प्रयोग कुल्फी करायच्या दिवशी केलात तर मीठ-बर्फ वायाही जाणार नाही. फक्त बायमेटल कुल्फीपासून लांब ठेवा!

नव्या फ्रीजमध्ये घड्याळाची ही खुंटी नसते. तिथं इलेक्ट्रॉनिक पाटी आणि तापमान सांगणारे सेन्सर असतात, आणि दार किती वेळा उघडलं त्याचाही हिशेब काही फ्रीज ठेवतात. रांगोळीची परीक्षा मात्र त्यांनाही लागू. पुढचं तपासायला कंपनीची पद्धत माहीत असलेलाच माणूस हवा.

एक दरवाजावाल्यांनी नाराज होऊ नये. भारतात तयार झालेला पहिला फ्रीज गोदरेजनं १९५८ मध्ये बाजारात आणला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं आपल्या घरांतून एक दरवाजाचेच फ्रीज दिसत. आजही भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेकांत टायमर नाही, हीटर नाही, पंखाही नाही. थर्मोस्टॅटच्या खुंटीच्या मध्ये एक बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ आपोआप वितळतो आणि कॉइल पुरेशी उबदार झाली की बटण स्वतःच बाहेर येतं. जाड बर्फ असतानाही बटण दाबल्या दाबल्या परत उसळत असेल, तर थर्मोस्टॅट बदलायला झालाय. तोवर काय करायचं? रात्री फ्रीज बंद करायचा, सकाळी पुसायचा. आणि अशा फ्रीजचा हीटर गेलाय असं कुणी सांगितलं, तर ‘काका, हीटर कुठाय ते दाखवता का?’ असं नम्रपणे विचारायचं.

वीज कमी दाबानं येत असेल तर आणखी एक भानगड होते. व्होल्ट कमी झाले की हीटरची उष्णता त्याच प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर १५० वॅटचा हीटर जेमतेम ९२ वॅटचा उरतो. भाग सगळे शाबूत, पण वीस मिनिटांत बर्फ पुरा वितळत नाही, रोज थोडा मागं राहतो. रोजची ही बाकी साठत साठत महिन्याभरात कॉइलवर चादर! संध्याकाळी घरातले दिवे मंद होत असतील तर मेकॅनिकला हेही सांगा. वीज गेली की जुना टायमर होता तिथंच थांबतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढं चालतो. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं, तेव्हा रोजच्या डिफ्रॉस्टच्या वेळा अशाच पुढं पुढं सरकायच्या. आईबाबांना विचारा, त्यांना ते दिवस आठवत असतील.

आता तुम्हाला आमच्या मैत्रिणीचं पुढं काय झालं ते हवं असेल. तिला हे सगळं लगेच कळवलं होतं. तिचं दुसरं पत्र आलंय. चोवीस तास फ्रीज बंद ठेवला, पाच फडकी भिजली. इन्सुलिन शेजारच्या मावशींकडे ठेवलं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून आजीनं नवी बाटली सुरू केली. पुढचे सहा दिवस पीठ ‘एकदम शहाण्यासारखं’ वागलं (हे तिचेच शब्द), सातव्या दिवशी पुन्हा फुगलं. रांगोळीची रेघ जशीच्या तशी. मग तेच मेकॅनिक पुन्हा आले. रेघ बघून आधी हसले, आणि नंतर त्यांनी पॅनेल उघडलं. सगळ्या कॉइलवर पांढरा थर. टायमर ‘टक्’ झाला, हीटरचा रोध बरोबर आला, फ्यूज ठीक. बायमेटलची प्लॅस्टिकची टोपी मात्र फुगलेली होती, चांगलं बायमेटल सपाट असतं. मीठ-बर्फात ठेवलं तरी ‘टिक्’ झालं नाही. नवं बसवलं. खर्च गॅसच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मीठ-बर्फाची युक्ती मेकॅनिककाकांनी वहीत लिहून घेतली, असंही ती लिहिते. त्यांच्याबद्दलचा आमचा आदर वाढलाय.

या आठवड्याचा उद्योग. एकसारख्या दोन वाट्या घ्या. दोन्हींत मोजून १०० मिलिलिटर पाणी ओता. एकीवर झाकण, दुसरी उघडी. दोन्ही फ्रीजच्या खालच्या खणात, शेजारीशेजारी, तीन दिवस ठेवा. मग औषधाच्या मापानं दोन्हींतलं पाणी पुन्हा मोजा. उघड्या वाटीतलं जेवढं कमी भरेल ते बरचसं कॉइलकडे बर्फ व्हायला गेलं. तुमचा फ्रीज एक दाराचा की दोन, दिवसातून दार अंदाजे किती वेळा उघडतं आणि किती मिलिलिटर पाणी कमी झालं, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. कोकणातल्या आणि सोलापूर-लातूरकडच्या वाचकांचे आकडे शेजारीशेजारी छापायचा विचार आहे. कुणाचं पाणी जास्त उडेल, काही अंदाज?